पावसात विमान उतरताना अपघात झाला, तर चूक पायलटची की हवामानाची हे कसं ठरवतात?

नवी मुंबई विमानतळाजवळच्या उलव्यात घरावरून विमानं जायला लागल्यापासून पावसाळ्याची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. तपासाचा हेतू शिक्षा देणं नसतो, पुन्हा तसं घडू नये हा असतो. शिवाय 'पाऊस होता' एवढ्यावर तो थांबत नाही, कारण तशाच पावसात इतर विमानं सुखरूप उतरलेली असतात.

७ ऑगस्ट २०२०चा कोळिकोडचा अपघात बघा. जोरदार पाऊस, मागून वारा, टेबलटॉप धावपट्टी, म्हणजे डोंगरमाथ्यावरची, जिच्या टोकाला खोल उतार असतो. २१ जण गेले. ब्लॅक बॉक्समधून उंची, वेग, इंजिनाची शक्ती आणि कॉकपिटमधलं बोलणं मिळालं. त्यावरून कळलं की विमान धावपट्टीच्या सुरुवातीऐवजी साधारण मध्यावर टेकलं, म्हणजे थांबायला जागा कमी उरली. सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटलं, म्हणजे पुन्हा वर उचला, तरी उतरणं चालूच राहिलं. उतरण्याच्या आदल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, तेही तपासलं गेलं. अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळणं हे संभाव्य कारण मानलं, पण यंत्रणेतल्या उणिवाही नोंदवल्या. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बातम्यांत मात्र 'पायलटची चूक' एवढंच उरतं, आणि ते त्या माणसांवर अन्याय करणारं आहे.