वाचक विचारतात : शिष्यवृत्तीची तयारी मे महिन्यातच

बारावीचा निकाल जवळ आला की रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांत एकच काळजी असते : मुलाला पुढे शिकायचे आहे, फी कुठून भरायची? पत्रे वाचताना वारंवार जाणवते की योजना नाही म्हणून शिक्षण थांबलेली मुले थोडी आहेत. दाखला वेळेत हातात नव्हता म्हणून हक्काचा लाभ हुकलेली मुले पुष्कळ आहेत. म्हणून या वेळी उत्तरांत योजनांच्या नावांपेक्षा कागदपत्रांवर अधिक भर दिला आहे.

प्रश्न : माझे पती हर्णै बंदरात दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी आहेत. मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला अभियांत्रिकीला जायचे आहे. आम्ही इतर मागास वर्गात मोडतो. मुलींना फी माफ आहे असे सगळे सांगतात, पण एका महाविद्यालयात चौकशी केली तेव्हा ‘आधी पूर्ण फी भरा, मग बघू’ असे उत्तर मिळाले. खरे काय समजायचे? (एक आई, ता. दापोली)

उत्तर : सगळे सांगतात ते खरे आहे, मात्र त्याला अटी आहेत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केले आहे. त्याआधी ही सवलत निम्म्या शुल्काची होती. पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाने महाविद्यालयांना बजावलेले आहे. तेव्हा ‘आधी पूर्ण भरा’ हे उत्तर आपण मुकाट्याने मान्य करू नये. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि तरीही दाद लागली नाही तर तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय कार्यालयाकडे तक्रार करावी. तोंडी झालेल्या बोलण्याचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

अटींपैकी सर्वांत महत्त्वाची अट प्रवेशाच्या मार्गाची आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे बोलीभाषेत ‘कॅप राउंड’मधून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या जागेला ही सवलत मिळत नाही. मनासारखे महाविद्यालय पहिल्या फेरीत मिळाले नाही म्हणून घाईने संस्था पातळीवरील जागा घेणारे पालक आपल्याकडे बरेच आहेत, आणि चार वर्षांची सवलत त्या एका निर्णयात जाते. दुसरे असे की माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ, पुस्तके हा खर्च आपल्यालाच करावा लागेल, त्याची तजवीज वेगळी ठेवावी.

आता दाखल्यांविषयी. खलाशाच्या घरी पगाराची पावती नसते आणि आयकराचे विवरणपत्रही नसते. हंगामाचा हिशेब नौकामालकाबरोबर वाट्याने होतो. अशा कुटुंबाला उत्पन्नाचा दाखला मिळत नाही असा गैरसमज किनारपट्टीवर घट्ट बसलेला आहे. तसे नाही. शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचे स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्यांचा, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, चौकशी अहवाल यांच्या आधारे तहसीलदार हा दाखला देतात, आणि अर्ज सेतू किंवा ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून करता येतो. दाखला आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर असतो, म्हणून तो एप्रिल उजाडल्यावर लगेच काढावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पुरुष मंडळी घरी असतात, त्यामुळे कागदपत्रांची कामे तेव्हाच करू असे पुष्कळजण ठरवतात. पण नेमक्या त्याच आठवड्यांत प्रवेश सुरू होतात आणि तहसील कार्यालयात सगळ्या तालुक्याची गर्दी होते.

जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्र आणि जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला पडताळून खरा ठरवल्याचे, प्रमाणपत्रही लागेल. सर्वांत जास्त वेळ वैधतेला जातो. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, म्हणजे बहुतेक घरांत आजोबांचा किंवा पणजोबांचा कागद शोधावा लागतो. गावच्या जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. तेथे नोंद नसेल तर तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, पाहण्यासाठी अर्ज करावा. फार जुनी नोंद मोडी लिपीत असते, ती जाणकाराकडून वाचून घेऊन तिचे लिप्यंतर जोडावे लागते. मुलीच्या वडिलांना, काकांना किंवा आत्याला पूर्वी वैधता मिळालेली असेल तर ते प्रमाणपत्र सर्वांत मोलाचे ठरते, म्हणून आधी नात्यात चौकशी करावी. धाकटे भावंड अकरावीत असेल तर त्याच्या वैधतेचा अर्ज याच वर्षी करून टाकावा, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मुलगा पुण्यात अभियांत्रिकी पदविकेला आहे. आम्ही खुल्या प्रवर्गातील आहोत. त्याच्या राहण्याखाण्याच्या खर्चासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना भत्ता मिळतो असे समजले. परंतु आमचा सातबारा आजोबांच्या नावावर आहे आणि खाली भाऊबंदांची नावे आहेत. माझ्या नावावर स्वतंत्र एक गुंठाही नाही. (एक वाचक, ता. राजापूर)

उत्तर : आपण म्हणता ती डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आणि घरापासून दूर राहणाऱ्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ती लागू होते. रक्कम शहरानुसार बदलते आणि मोठ्या शहरांत ती अधिक असते.

सामायिक सातबारा ही केवळ आपली अडचण नाही, सगळ्या कोकणाची आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाटप झालेले नसते, निम्मे खातेदार मुंबईला असतात, काहींचे पत्तेही ठाऊक नसतात. सुदैवाने या योजनेसाठी जमिनीचे वाटप होण्याची गरज नाही. आपला हिस्सा किती, हे महसूल नोंदींवरून दिसले पाहिजे आणि तो २ हेक्टरच्या आत असला पाहिजे. कोकणात तो बहुधा त्याच्या कितीतरी खाली असतो. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. आजोबा हयात नसतील आणि वारसनोंद झालेली नसेल, तर कागदावर आपण खातेदारच ठरत नाही. म्हणून प्रथम वारसनोंदीचा अर्ज द्यावा. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र त्याला जोडावे. फेरफार नोंदवल्यानंतर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वारसांची यादी लिहिताना आत्या आणि बहिणी यांची नावे वगळू नयेत. ती वगळण्याची चाल अजून गेलेली नाही. त्यांचा हक्क कायद्याने आहे, आणि नाव वगळल्यामुळे हरकत आली तर नोंद तशीच अडकून पडते.

नोंद प्रमाणित झाली की नवा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, घेऊन तहसील कार्यालयातून अल्पभूधारक असल्याचा दाखला घ्यावा. मुलाने पुण्यात खोली घेतली असेल तर तिचा भाडेकरार त्याच्याकडून मागवून ठेवावा, कारण राहण्याचा पुरावा नाही म्हणून अर्ज परत येतात.

आपल्या पत्रात आपण चिऱ्याच्या बांधकामावर गवंडीकाम करता असा ओझरता उल्लेख आहे. त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते, आणि नोंदणी चालू असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना मंडळाकडून शैक्षणिक साहाय्य मिळते. पदवी अभ्यासक्रमासाठी ते वर्षाला २०,००० रुपये आणि अभियांत्रिकी पदवीसाठी ६०,००० रुपये आहे. ९० दिवसांचे प्रमाणपत्र ठेकेदाराकडून किंवा ग्रामसेवकाकडून, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, मिळते. वर्षानुवर्षे भिंती उभारणाऱ्या माणसाने ही नोंदणी केलेली नसावी याचे फार वाईट वाटते. ती अवश्य करावी.

इतर प्रवर्गांतील वाचकांसाठी एवढेच सांगतो की राहण्याखाण्याच्या खर्चाकरिता अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् आणि इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना स्वतंत्रपणे आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांना त्यांचा विचार करता येतो.

प्रश्न : मला बारावीला ७८ टक्के गुण आहेत. जवळच्याच महाविद्यालयात बी.एस्सी. करणार आहे. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीला ८० टक्के लागतात, म्हणून मी अर्ज करत नाही. वडिलांची आंब्याची थोडी कलमे आहेत. (एक विद्यार्थी, ता. देवगड)

उत्तर : अर्ज करा. त्या योजनेला ८० टक्के गुण लागत नाहीत, ८० पर्सेंटाइल लागतात. आपल्या मंडळाच्या परीक्षेत आपल्या शाखेतील ८० टक्के विद्यार्थ्यांपेक्षा आपण पुढे असाल तर पात्र ठरता, मग आपले गुण ७८ टक्के असोत किंवा त्याहून कमी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे, आणि त्यात आंब्याचे उत्पन्नही धरावे लागते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून ते दाखल्यातून वगळता येत नाही. पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० आणि पदव्युत्तर शिक्षणात दरवर्षी २०,००० रुपये मिळतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो, राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर नव्हे. पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागेल. दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेत असाल तर ही मिळत नाही, त्यामुळे कोणती घेणे फायद्याचे आहे याचा हिशेब आधी मांडून पाहा.

प्रश्न : मुलीचा महाडीबीटीवरील अर्ज मंजूर झाल्याचे दिसते. बँकेत आधार दिलेले आहे, पासबुक भरून आणले, तरी पैसे जमा नाहीत. (एक पालक, ता. वेंगुर्ला)

उत्तर : बँकेला आधार देणे आणि खाते आधारशी ‘सीडिंग’ करून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाते उघडताना ओळखीचा पुरावा म्हणून आधारची प्रत दिली तेवढ्याने सरकारी रक्कम त्या खात्यात येत नाही. त्यासाठी संमतीचा वेगळा अर्ज बँकेत भरावा लागतो. एका आधार क्रमांकावर सरकारी रक्कम एकाच खात्यात येते, आणि ते खाते म्हणजे शेवटी सीडिंग झालेले खाते. मुलगी शाळेत असताना उघडलेले, आता कोणाच्या आठवणीतही नसलेले एखादे खाते असेल तर पैसे कदाचित तेथेच पडून असतील. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली की बँकेचे नाव समजते. गावच्या पतसंस्थेतील खाते यासाठी चालत नाही.

पैसे जमा झाल्यावर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत महाविद्यालयाच्या शुल्काची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यात येते आणि ती सात दिवसांत महाविद्यालयाकडे भरायची असते. घरात अडचण असताना खात्यात आलेली रक्कम बाजूला ठेवणे किती कठीण असते याची मला कल्पना आहे. तरीही ती वेगळी ठेवावी, कारण थकबाकीमुळे वर्षाच्या अखेरीस परीक्षेचा अर्ज किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडू शकतो.

प्रश्न : शिष्यवृत्ती मिळेपर्यंत सोने गहाण ठेवावे की शैक्षणिक कर्ज घ्यावे? (एक आजी, ता. गुहागर)

उत्तर : आजी, दागिने तूर्त घरातच असू द्यावेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत नातवंडाला देशातील निवडक दर्जेदार संस्थांपैकी एकीत प्रवेश मिळाला असेल तर तारण आणि जामीन न देता कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेतलेली नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असेतो आणि त्यानंतरच्या एक वर्षात व्याजात तीन टक्क्यांची सवलतही आहे. संस्था त्या यादीत आहे की नाही हे विद्यालक्ष्मी पोर्टलवर पाहता येते. ती यादीत नसेल तर नातवंडाने महाविद्यालयाच्या कार्यालयाकडे हप्त्यांनी फी भरण्याची सवलत लेखी मागावी, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच त्या पत्राला जोडावी.