वाचक विचारतात : परदेशी निधी आणि 'बिल द्या'ची वाट

प्रश्न : आमची महिला संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, पण एफसीआरएची (परदेशी देणगी नियमन कायद्याची) नोंदणी नाही. नाला खोलीकरणासाठी एका परदेशी संस्थेचे पैसे लातूरच्या मोठ्या संस्थेमार्फत मिळणार होते. आता ते म्हणतात, "निधी देता येत नाही, कामाचं बिल द्या." असं चालतं का?
— एक कार्यकर्ती, ता. औसा

उत्तर : ताई, निधी देता येत नाही हे खरं. या कायद्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती दुसऱ्या कुणालाही वळती करू शकत नाही. तुमची एफसीआरए नोंदणी असती, तरीही नाही.

बिलाची वाट मात्र निसरडी. तीन दिवसांचं प्रशिक्षण ठरल्या दराने घेतलं, त्याचं बिल दिलं, इथवर ठीक. पण गावं तुम्ही निवडणार, जेसीबीवाल्याला पैसे तुम्ही देणार आणि वर 'सेवा शुल्क' लिहिणार, तर तपासणीत ते निधी वळवणंच ठरू शकतं. त्यात लातूरच्या संस्थेची नोंदणी जाऊ शकते, तुमचं नाव खराब होतं.

त्यापेक्षा त्यांनीच काम करावं. तुमच्या दोन कार्यकर्त्या त्यांच्या पगारपत्रकावर घ्याव्यात, जेसीबीचे पैसे त्यांच्या खात्यातून थेट जावेत. नेमणूकपत्रात गावातलं काम स्पष्ट लिहून घ्या. परदेशी निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. प्रत्यक्ष कामावरच्या माणसांचा पगार त्यात धरत नाहीत, पण पत्रात नुसतं 'समन्वयक' असेल तर लेखापरीक्षक तो पगार प्रशासकीय खर्चातच टाकतो.

भांडण होतं ते जेसीबीच्या बिलावर. '४० तास, एकूण रक्कम' एवढ्यावर भागत नाही. रोजचं सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंग, गाडी नंबर, गाळाच्या ट्रॅक्टर खेपा, ऑपरेटरची आणि गावातल्या एकाची सही, हे त्याच संध्याकाळी वहीत हवं. महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही पाहिली की ती मागाहून लिहिलीय हे कुणालाही कळतं.

पुढे स्वतःची नोंदणी हवी असेल, तर संस्था तीन वर्षं जुनी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख खर्च झालेला लागतो. तेवढा नसेल, तर देणगीदाराचं पत्र जोडून एका ठरावीक कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच येतात. तिथून औशाच्या वेगळ्या एफसीआरए खात्यात आणून खर्चता येतात. त्या खात्यात बचत गटाचे पैसे मात्र एक दिवसही ठेवू नका.