क्लोरोक्विनचा कोर्स पूर्ण करूनही दोन महिन्यांनी मलेरिया परत का आला?

तुम्ही लिहिलंय की व्हायव्हॅक्स मलेरियाला क्लोरोक्विन तीन दिवस घेतलं, ताप उतरला, म्हणून १४ दिवसांची प्रायमाक्विन चौथ्या दिवशीच सोडली. आता पुन्हा हुडहुडी, पुन्हा रिपोर्टमध्ये व्हायव्हॅक्स. मग क्लोरोक्विन निकामी झालं का?

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, बघतो. पण बहुधा नाही. नवा डास चावला असेल ही शक्यता उरतेच, तरी माझा संशय तुमच्या यकृतावर आहे.

रक्तातला परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खाऊन जगतो. ते पचवताना हीम हा लोहयुक्त भाग सुटा होतो आणि तो त्याच्याच जिवावर उठतो. म्हणून परजीवी हीमचे स्फटिक करून ठेवतो; स्मिअरमध्ये दिसणारे तपकिरी कण ते हेच. क्लोरोक्विन त्याच्या आम्लधर्मी पचनपोकळीत साठतं आणि स्फटिक होऊ देत नाही. थोडक्यात, खाल्लेलं अंगावर येतं.

यकृताच्या पेशीत खायला हिमोग्लोबिनच नाही. डास चावल्यावर परजीवी आधी तिथे जातो. काही वाढून हजारोंनी रक्तात उतरतात, तर व्हायव्हॅक्सचे काही हिप्नोझोइट होऊन वाढ थांबवतात, चयापचय मंद करून पडून राहतात. क्लोरोक्विनने रोखावं असं तिथे काही चालूच नसतं. उष्ण प्रदेशातले अनेक व्हायव्हॅक्स खरं तर काही आठवड्यांतच उठतात, पण क्लोरोक्विन रक्तात बरेच दिवस रेंगाळतं आणि ती पहिली उचल दाबून टाकतं. तुमचे दोन महिने त्यात बरोबर बसतात.

फाल्सिपॅरम या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात हिप्नोझोइट नसतात, पण औषध चुकवायची रीत तीच. त्याच्या केळ्याच्या आकाराच्या पक्व गॅमिटोसाइटचं (डासात जाणाऱ्या लैंगिक अवस्थेचं) हिमोग्लोबिन खाणं संपलेलं असतं, त्यामुळे क्लोरोक्विन त्यांना लागू पडत नाही. आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या दुसऱ्या औषधाला तर जागं व्हायलाच हीम लागतं; के१३ जनुकात बदल झालेले कोवळे परजीवी हिमोग्लोबिन कमी गिळतात आणि निभावून जातात. मला हे फार धूर्त वाटतं, उपाशी राहून औषध चुकवणं!

हिप्नोझोइट मारणारी गोळी म्हणजे तुम्ही सोडलेली प्रायमाक्विन. ती काही तासांतच शरीरातून निघून जाते, म्हणून रोज घ्यावी लागते. परिणाम एकूण किती मात्रा पोटात गेली त्यावर ठरतो. शिवाय ती यकृतातल्या सीवायपी२डी६ या विकरामुळे (एन्झाइममुळे) कामाची होते. काहींमध्ये ते विकर मंद असतं, आणि त्यांना पूर्ण कोर्सनंतरही मलेरिया उलटतो.

या वेळी डॉक्टरांना गोळी मध्येच सोडल्याचं स्पष्ट सांगा. जी६पीडी या विकराची तपासणी झाली नसेल तर विचारा, कारण ते विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटतात. गरोदर बाईला ती देत नाहीत. घेताना लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका.