गोष्टीतलं साळिंदर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट लिहिली आहे. कोल्हा छळायला लागतो तेव्हा साळिंदर बाणांसारखे काटे फेकून त्याला पळवून लावतं. हे चूक आहे असं एका वाचणारीने सांगितलं. पण गोष्टीत प्राणी बोलतातही, मग काटे फेकले तर काय बिघडलं?

उत्तर : प्राणी खरोखर बोलत नाहीत, हे त्या वयाच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. साळिंदर काटे फेकत नाही, हे ठाऊक नसतं. म्हणून गोष्टीतलं काटे फेकणं तो खरं धरून चालतो. हा समज फार जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल आणि प्राचीन रोमन लेखक प्लिनी यांनीही तसं लिहून ठेवलं होतं. फ्रान्सचा राजा बारावा लुई याने साळिंदर आपलं चिन्ह केलं तेही याच समजावर, की हा प्राणी जवळून आणि लांबूनही वार करतो. खरं कारण साधं आहे. काटे कातडीत घट्ट नसतात. अंग झाडताना एखादा गळतो आणि बघणाऱ्याला तो फेकल्यासारखा वाटतो.

आमची मोठी तक्रार मात्र गोष्टीच्या बाजूने आहे. काटे फेकले की सामना एका वाक्यात आटोपतो. खरं साळिंदर आधी इशारे देतं. काटे फुलवून मोठं दिसतं, शेपटीवरचे पोकळ काटे खुळखुळवतं, पाय आपटतं, गुरगुरतं. तरी समोरचा हटला नाही तर पाठ वळवून मागच्या मागे किंवा तिरकं त्याच्यावर जातं. काटे रुतले की सुटून शत्रूच्या अंगात राहतात. साळिंदराला पुढे नवे येतात.

मोठ्याने वाचायच्या गोष्टीला पालुपद हवं असतं, ते इथे आयतंच आहे : फुर्रर्र, खुळखुळ, धप् धप्. दुसऱ्या खेपेला मुलं स्वतःच म्हणू लागतील. प्रत्येक इशाऱ्यानंतर कोल्ह्याला मागे फिरायची संधी द्या आणि ती त्याला घालवू द्या. ३२ पानांच्या चित्रपुस्तकात प्रत्यक्ष चढाई २२ ते २४ पानांच्या सुमारास आणा. ती आठव्या पानावर उरकली, तर पुढच्या खुळखुळीला कुणी घाबरणार नाही.

प्रश्न : चित्रकाराने साळिंदर चेंडूसारखं गुंडाळलेलं काढलं आहे. दिसतं गोड. ठेवावं का?

उत्तर : ठेवू नका, ते हेजहॉग आहे. हेजहॉग ओंजळीत मावतो, किडे खातो, त्याचे आखूड काटे सहज गळत नाहीत आणि संकटात तो गोळा होतो. साळिंदर कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी, उंदीर-खारीच्या गोतातलं. त्याचा असा चेंडू होत नाही. तोंडावर आणि पोटावर लांब काटे नसतात. पुढचे दात मात्र ठळक दाखवा. ते आयुष्यभर वाढत राहतात. अनुवादित गोष्टींत हा घोळ फार होतो, म्हणून मूळ शब्द तपासा. जर्मन ‘इगेल’ म्हणजे हेजहॉग, साळिंदर म्हणजे ‘श्टाखेलश्वाइन’.

आणखी एक. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे लांब काटे असलेलं साळिंदर आशिया आणि आफ्रिकेतलं. ते जमिनीवर वावरतं आणि बिळात राहतं. झाडावर चढून साल खाणारं, आखूड काट्यांचं साळिंदर उत्तर अमेरिकेतलं. त्याच्या अंगावर सुमारे ३०,००० काटे असतात. पट्टेदार साळिंदर बर्फातल्या पाइनवर बसवलं तर चित्र कितीही सुरेख असो, ते बदलावंच लागेल.

प्रश्न : जन्मताना पिल्लाचे काटे आईला टोचत नाहीत का? मुलं हमखास विचारतात.

उत्तर : नाही. जन्मताना काटे मऊ असतात. हवा लागली की काही तासांत ताठरतात. डोळे जन्मतःच उघडे असतात, त्यामुळे मिटलेल्या डोळ्यांचं पिल्लू लिहू नका.

प्रश्न : चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिते आहे. नायिका कुणालाही जवळ येऊ देत नाही, म्हणून तिला साळिंदराची उपमा दिली. ती शिळी वाटते. काय करू?

उत्तर : शिळी आहेच. थंडीत ऊब हवी म्हणून जवळ येणारी आणि टोचताच दूर सरणारी साळिंदरं जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने १८५१ मध्येच लिहिली. उपमा काढून टाका आणि प्राणी ठेवा. साळिंदर निशाचर आहे, म्हणून नायिकेला ते बराच काळ दिसूच नये. आधी गळलेला काटा, मग बिळाच्या तोंडाशी कुरतडलेली हाडं. उत्तर अमेरिकेतलं साळिंदर असेल तर त्याला मिठाची विलक्षण ओढ असते. घामाने खारटलेले कुऱ्हाडीचे दांडे आणि वल्ही ते कुरतडतं. घर सोडून गेलेल्या वडिलांच्या कुऱ्हाडीचा दांडा रोज थोडा कमी होतो आहे, एवढं नुसतं दाखवलं तरी पानभर संवाद वाचतील. हे साळिंदर फांदीवरून पडतं आणि कधी स्वतःचेच काटे त्याला रुततात. उल्डिस रोझ या अभ्यासकाला त्या काट्यांवरच्या स्निग्ध थरात जंतू रोखणारे गुण आढळले. हे नायिकेला कुठल्या पानावर कळावं, यावर वेळ घालवा.

कुत्र्याला काटे रुतण्याचा प्रसंग घालणार असाल, तर तो दोन ओळींत उरकू नका. उत्तर अमेरिकेतल्या साळिंदराच्या काट्यांच्या टोकाला मागे वळलेले बारीक दाते असतात, म्हणून हालचालीबरोबर काटा आत सरकतो. काटा कापला की हवा निघून तो सैल होतो, हा गैरसमज आहे. कापल्याने धरायला टोक उरत नाही आणि काटा चिरफळतो. कुत्र्याला भूल देऊन पशुवैद्याने काटे काढायचे असतात, तोंडातले आणि जिभेखालचेही. तेव्हा नायिकेला रात्रीच डॉक्टर गाठावा लागेल, आणि त्यासाठी कुणाचं तरी दार ठोठवावं लागेल. तुमचं पुढचं प्रकरण त्या दारापासून सुरू करा.