अमली की अंमली? आणि ‘हाय’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न एका कथालेखिकेचा आहे. पुण्यातल्या एका नाइट क्लबात घडणारी कथा त्या लिहीत आहेत. वर्तमानपत्रात त्यांना एकदा ‘अमली पदार्थ’ दिसलं, एकदा ‘अंमली पदार्थ’. यातलं बरोबर कोणतं? अंमल म्हणजे सत्ता, मग पदार्थ ‘अमली’ कसा? आणि त्यांची भाची ज्याला ‘हाय होणं’ म्हणते, त्याला मराठी शब्द आहे का?

आधी अनुस्वाराचा निकाल लावू. मूळ शब्द अरबी ‘अमल’, म्हणजे काम, कृती. फारसीतून तो आपल्याकडे आला तेव्हा त्याचे अर्थ वाढले होते. काम अमलात आणणारा तो अंमलदार, त्याचा चालतो तो अंमल. मूळ ‘म’ एकच, पण मराठी जिभेनं त्यावर जोर दिला आणि ‘अंमल’ झालं. विभक्ती लागली की हा जोर पुष्कळदा गळतो, म्हणून ‘अंमलबजावणी’ लिहिणारा माणूसच ‘अमलात आणणे’ही लिहितो. ‘अमली’चंही तेच. दोन्ही रूपं छापली जातात आणि एकालाही मी चूक म्हणणार नाही. मुद्रितशोधन करायचो तेव्हा एका बातमीत एकच रूप ठेवायचं, एवढाच नियम पाळायचो. स्वतः मी ‘अमली’ लिहितो, कारण बोलताना तसंच म्हणतो. एका मित्राचा यावर आक्षेप आहे. संस्कृतात ‘अमल’ म्हणजे निर्मळ, मळ नसलेला, तेव्हा ‘अमली पदार्थ’ म्हणजे सोवळ्यातला नैवेद्य झाला, असं तो म्हणतो. दोन वेगळ्या घरांतले शब्द योगायोगानं सारखे दिसतात, बाकी काही नाही.

आता अर्थ. ‘मोगलांच्या अमलाखाली’ आणि ‘दारूच्या अमलाखाली’ हे दोन्ही प्रयोग आपण न अडखळता करतो. पहिल्यात मुलुखावर सत्ता, दुसऱ्यात माणसावर. ज्याचा अंमल चढतो तो पदार्थ अमली. ही ओढ मराठीपुरती नाही. राजस्थानात ‘अमल’ म्हणजे थेट अफू, पाहुण्याच्या तळहातावर मानानं द्यायची. पंजाबीत ‘अमली’ हे पदार्थाचं नाव नसून माणसाचं आहे, ‘अमली’ म्हणजे अफूबाज. आपण ते विशेषण पदार्थाला लावलं आणि माणसाला ‘व्यसनी’ या संस्कृत शब्दाकडे सोपवलं.

मला हा शब्द आवडतो, कारण सरकारी शब्दापेक्षा तो अचूक आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं मराठी नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ असं आहे. वाचतानाच गुंगी यावी, पण ते असो. अफू, हेरॉइन यांना ‘गुंगीकारक’ शोभतं. पण तुमच्या कथेतल्या क्लबात पहाटे चारला गुंगी कुणाला हवी आहे? तिथे चालतं ते कोकेन, एमडी, एक्स्टसीच्या गोळ्या, म्हणजे झोप पळवणाऱ्या गोष्टी. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जबडा आवळला जातो, बोलणं थांबत नाही. एक्स्टसीनं तर अंगाचं तापमान चढतं, आणि बंद हॉलमध्ये तासन्‌तास नाचताना ते जिवावरही बेतू शकतं. हे गुंगीच्या नेमकं उलट झालं. याच कुळातलं अँफेटामाइन एखाद्या धावपटूच्या लघवीत सापडलं की क्रीडापानावर ते ‘उत्तेजक द्रव्य’ असतं आणि क्लबात सापडलं की गुन्हेपानावर ‘अमली पदार्थ’. ‘अमली’ शब्द गुंगी म्हणत नाही, उत्तेजनही म्हणत नाही, ताबा कुणाचा एवढंच सांगतो. म्हणून तो दोन्हीकडे चालतो.

एमडी शब्द कथेत आणणार असाल तर एक सावधगिरी. एमडी म्हणजे एमडीएमए नव्हे. एमडीएमए म्हणजे एक्स्टसी. आपल्या बातम्यांतला एमडी म्हणजे मेफेड्रोन. त्यालाच ‘म्याव म्याव’ म्हणतात, हे नाव ब्रिटनमधून आलं. २०१५ साली ते एनडीपीएसच्या यादीत आलं. कायद्याच्या लेखी दोघांत मोठा फरक आहे. मेफेड्रोन पन्नास ग्रॅम झालं की ‘व्यावसायिक प्रमाण’, म्हणजे जबर शिक्षेचा मोठा साठा, मानलं जातं, एमडीएमए दहा ग्रॅमलाच. तुमचं पात्र वकील असेल तर त्याला हे ठाऊक हवं.

मुंबईत १९८० च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइनची भुकटी, आली तेव्हा मराठीनं तिला ‘गर्द’ म्हटलं. फारसीत गर्द म्हणजे धूळ. शत्रूला ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे धुळीला मिळवणे, हे बखरी वाचणाऱ्यांना माहीत असेल. त्या भुकटीला धुळीचं नाव मिळालं आणि ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’. हेटाळणीचं शेपूट लावलेला हा शब्द अस्सल मुंबईचा आहे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं १९८६ मध्ये, त्याच लाटेच्या काळात. तुमच्या क्लबातल्या मुलीला मात्र गर्दुल्ली म्हणू नका. गर्दुल्ला फूटपाथवर बसतो, पुलाखाली झोपतो. क्लबातली मुलं ‘यूजर’ असतात. पदार्थाइतकाच हा खिशाचाही भेद आहे, आणि भाषेनं तो गुपचूप पाळला आहे.

‘रेव्ह पार्टी’चंही थोडं. इंग्रजीत रेव्ह म्हणजे बरळणं, बेभान होणं. १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये गोदामांत आणि शेतांत रात्रभर चालणाऱ्या नाचाला हे नाव चिकटलं. तिथल्या १९९४ च्या कायद्यानं तर या नाचाचं संगीत म्हणजे ‘एकापाठोपाठ एक येणारे तेच ते ठेके’ अशा अर्थाची व्याख्याच करून टाकली. कायदे लिहिणाऱ्यांनी संगीतसमीक्षा केल्याचं असं उदाहरण विरळाच. गोव्यात हणजुणे, वागातोरच्या किनाऱ्यांवर पौर्णिमेच्या पार्ट्या त्याआधीपासून होत्या आणि ‘गोवा ट्रान्स’ हा संगीतप्रकार तिथूनच जगभर गेला. महाराष्ट्रात ‘रेव्ह पार्टी’ हे शब्द घरोघरी पोचले ते मार्च २००७ मध्ये, सिंहगडाच्या पायथ्याजवळ डोणजे इथे पोलिसांनी छापा घालून अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं तेव्हा. त्यानंतर मराठी बातमीत अर्थ असा पालटला की छापा पडतो ती रेव्ह पार्टी. संगीत भजनाचं असलं तरी चालेल. आणि कृपा करून ‘रेव पार्टी’ लिहू नका. रेव म्हणजे बारीक खडी, ती बांधकामाच्या जागेवर असते.

आता ‘हाय’. मराठीत नशेचे शब्द भरपूर आहेत: तर्र, टुन्न, तारेत असणे, झिंगणे. पण हे सगळे गुत्त्यात जन्मलेले, झोकांड्या खाणारे. एमडी घेतलेली मुलगी झोकांड्या खात नाही, खांबासारखी ताठ उभी राहून तुम्हाला तासभर आपलं बालपण सांगते. तिला ‘तर्र’ म्हणता येणार नाही. जवळचा शब्द ‘कैफ’. अरबीत ‘कैफ’ म्हणजे ‘कसं?’. त्यावरून स्थिती, मग सुखाची स्थिती, मग नशा. ‘कैफियत’ त्याचाच भाऊ, ‘कसं काय घडलं’ ते सांगणं. म्हणजे रात्री कैफ आणि सकाळी ठाण्यात कैफियत, दोन्ही एकाच धातूचे. पण एकविशीतली मुलगी ‘मी कैफात होते’ म्हणाली तर ती नाट्यसंगीत गाणार आहे असंच वाटेल.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्या. जुनी मराठी दारू पिते, अफू घेते, तपकीर ओढते, गांजाचा दम मारते. आजची मुलं ‘ड्रग्ज करतात’, सरळ इंग्रजीच्या पावलावर. वाईट वाटून उपयोग नाही, त्यांच्या तोंडी तेच खरं वाटेल. कोकेनची मात्र ‘लाइन’ असते, आणि ‘तो कोपऱ्यात लाइन मारत होता’ असं लिहिलंत तर निम्मे वाचक तिथे मुलगी शोधतील. ‘ओढत होता’ लिहा.

तेव्हा भाचीसारख्या पात्राच्या तोंडी ‘हाय’च ठेवा, फक्त ‘ती हाय होती’ असं सुटं वाक्य टाळा. आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्रात ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. ‘फुल हाय होते यार’ म्हटलं की घोळ मिटतो. निवेदनात ‘कैफ’ किंवा ‘अंमल’ वापरा, हवालदाराला ‘नशा करून आलीये’ म्हणू द्या आणि पंचनाम्यात ‘गुंगीकारक’ येऊ द्या. आईच्या तोंडी काय घालायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्या ओळखीतल्या एका आईनं सगळे शब्द टाळून फक्त ‘तसलं काहीतरी’ म्हटलं होतं.