व्हिजितर व्हिसाचं नूतनीकरण आणि अडकलेली कार्त विताल: सासूसासऱ्यांच्या प्रश्नाबद्दल

तुमचा प्रश्न वाचून दोन वर्षांपूर्वीची मी आठवले. सासूसासरे व्हिजितर व्हिसावर, म्हणजे काम न करता लांब मुदतीसाठी राहण्याच्या व्हिसावर, फ्रान्समध्ये तुमच्याकडे राहतात, व्हिसा संपायला तीन महिने उरलेत, आरोग्य विम्याचा अर्ज पाठवून पाच महिने झाले तरी उत्तर नाही, आणि प्रिफेक्चरच्या, म्हणजे राहण्याचा परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीच्या, यादीत विम्याचा कागद मागितलाय. तुम्ही विचारलंय, विमा मिळेपर्यंत नूतनीकरण थांबवायचं का? नाही. एक दिवसही थांबू नका.

माझे आईबाबा 2023 च्या जूनमध्ये याच व्हिसावर आले. तेव्हापासून दोनदा नूतनीकरण झालं. बाबांची कार्त विताल, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड, सात महिन्यांत आली, आईची यायला चौदा महिने लागले. त्यामुळे जे सांगते ते कागद हाताळून सांगते.

आधी पासपोर्टमधलं व्हिसाचं स्टिकर बघा. त्यावर सेसेडा (परदेशी नागरिकांविषयीचा फ्रेंच कायदा) आर 431-16 आणि पुढे व्हिजितर असं असेल, तर तो व्हिसा म्हणजेच पहिल्या वर्षाचा राहण्याचा परवाना, आणि त्याचं नूतनीकरण होतं. आल्यावर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध केल्याची पीडीएफ तुमच्याकडे असेलच. ती प्रिफेक्चर आणि आरोग्य विमा कार्यालय, दोघांनाही लागते. मात्र स्टिकरवर 'दिस्पांस तांपोरेर द कार्त द सेजूर' (राहण्याच्या परवान्यातून तात्पुरती सूट) असं लिहिलं असेल, तर तो व्हिसा इथे राहून वाढवता येत नाही, आणि मग सगळं नियोजनच बदलतं. ओळखीतल्या एका कुटुंबाला हे अकराव्या महिन्यात कळलं. म्हणून हे पहिलं.

आता तारखा. नूतनीकरणाचा अर्ज परदेशी नागरिकांच्या सरकारी पोर्टलवर, ज्याला सगळे अनेफ म्हणतात, मुदत संपण्याआधीच्या चौथ्या आणि दुसऱ्या महिन्याच्या दरम्यान टाकायचा असतो. तुमचे तीन महिने उरलेत, म्हणजे अर्ज घेणं सुरू होऊन एक महिना झाला आणि तुमच्या हातात एकच महिना आहे. उशीर झाला तर 180 युरोंचा जादा भुर्दंड बसू शकतो. पैशापेक्षाही वाईट म्हणजे मध्ये कागदाविना राहण्याचा काळ येतो, आणि विम्याचा अर्ज नेमका तिथेच अडकतो.

इथे दोन कार्यालयांचे प्रश्न वेगळे आहेत, हे एकदा लक्षात आलं की जीव थोडा शांत होतो. प्रिफेक्चरला सार्वजनिक विमा झाला की नाही याच्याशी देणंघेणं नाही. पुढच्या वर्षी ही माणसं कशावर जगणार, आजारी पडली तर खर्च कोण करणार आणि ती इथे काम करणार नाहीत ना, एवढंच त्यांना कागदावर हवं असतं. आरोग्य विमा कार्यालय, म्हणजे सेपेआएम, विचारतं की ही माणसं इथे कायदेशीर आणि स्थिरपणे तीन महिन्यांहून जास्त राहतायत का, आणि ती नक्की कोण आहेत. त्यामुळे नूतनीकरणाला कार्त विताल लागत नाही. विम्याला मात्र वैध परवाना लागतो. क्रम आपोआप ठरतो: आधी परवाना जिवंत ठेवायचा, विमा त्याच्या मागून येतो.

यासाठी खासगी विमा आणखी एक वर्ष वाढवा. मला माहीत आहे, सत्तरीच्या पुढे हप्ता ऐकून पोटात गोळा येतो. पण पुढचं पूर्ण वर्ष, आजारपण, अपघात आणि रुग्णालय, तिन्ही धरणारी पॉलिसी आणि फ्रेंचमधलं प्रमाणपत्र अर्जाला जोडलं की तो मुद्दा मिटतो. सेपेआएमचं हक्कपत्र, म्हणजे सरकारी विमा सुरू झाल्याचा कागद, तोवर हातात आलं तर तेही जोडा. काही प्रिफेक्चर त्यावर समाधानी होतात, काही खासगी पॉलिसीही मागतात. भारतातून काढलेली प्रवास पॉलिसी असेल तर त्यातली दोन कलमं डोळ्यांत तेल घालून वाचा: आधीपासूनचे आजार, आणि मुदतवाढ. आमच्या पॉलिसीची मुदतवाढ ती संपण्याआधीच मागायची होती. मी चार दिवस उशिरा जागी झाले, आणि नवी पॉलिसी सुरू होईपर्यंत नऊ दिवस आईबाबा कुठल्याच छत्राखाली नव्हते. त्या नऊ दिवसांत बाबा जिना उतरायला लागले की माझा श्वास अडकायचा. तुम्ही आजच फोनमध्ये गजर लावा.

नूतनीकरणाचे बाकीचे कागद फार अवघड नाहीत. उत्पन्न फ्रान्सच्या किमान वेतनाइतकं दाखवावं लागतं; 2025 मध्ये ते हातात पडणारे साधारण 1,426 युरो महिना होतं. आम्ही बाबांचं पेन्शन, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे आणि कमी पडेल तेवढ्यासाठी माझं जबाबदारीपत्र, पगारपत्रकं आणि करनिर्धारण असं सगळं एकत्र लावलं. घर तुमचं असल्यामुळे ते तुमच्याकडे राहतात असं निवासाचं आतेस्तासियाँ (लेखी प्रमाणपत्र), तुमचं ओळखपत्र आणि सहा महिन्यांच्या आतलं वीजबिल. काम न करण्याचं प्रतिज्ञापत्र. प्रजासत्ताकाच्या तत्त्वांचं पालन करण्याचा करार, जो 2024 च्या कायद्यापासून सुरू झाला. आणि फोटो साधा चालत नाही, कोड असलेला ई-फोटो लागतो. स्टेशनवरच्या केबिनमध्ये निघतो. मंजुरीनंतर आम्ही प्रत्येकी 225 युरोंचा तँब्र, म्हणजे सरकारी शुल्काचा स्टँप, भरला, 2024 मध्येही आणि 2025 मध्येही. तुम्ही भरायच्या दिवशीची रक्कम सर्व्हिस-पब्लिक या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावर पाहूनच भरा.

अर्ज टाकला की पावती मिळते. ती फक्त पावती आहे, राहण्याचा हक्क नाही. जुनी मुदत संपत आली आणि निर्णय नसेल तर त्याच खात्यात 'आतेस्तासियाँ द प्रोलोंगासियाँ', म्हणजे मुदत वाढवल्याचं प्रमाणपत्र, येतं. खरा कागद तो. तो आला की त्याच दिवशी त्याची प्रत सेपेआएमला पाठवा, नाहीतर तिकडे फाइल 'परवाना संपला' म्हणून पडून राहते. तो वेळेत आला नाही तर प्रिफेक्चरमधल्या डिजिटल मदत केंद्रात जा. तरीही हललं नाही तर देफान्सर दे द्रुआच्या स्थानिक प्रतिनिधीला भेटा. हे नागरिकांच्या हक्कांचं स्वतंत्र पद आहे आणि भेट मोफत असते. त्यांनी डिसेंबर 2024 मध्ये या पोर्टलमुळे परदेशी माणसांच्या हक्कांवर होणाऱ्या परिणामांवर कडक अहवालच काढला होता, तेव्हा तुमची तक्रार त्यांना नवी वाटणार नाही. आणि या मधल्या काळात सासूसासऱ्यांना गणपतीला घरी पाठवू नका. नियमाने त्या कागदावर परत येता येतं, पण मुंबईच्या काउंटरवर तो फ्रेंच कागद कोणी वाचेल या भरवशावर मी तरी आईबाबांना विमानात बसवलं नाही. आईने त्या वर्षी गौरी इथेच, माझ्या छोट्या स्वयंपाकघरात बसवल्या.

आता विम्याकडे. पाच महिने उत्तर नाही म्हणताय, तर दोन गोष्टी तपासा.

पहिली, तुम्ही दोघांचा अर्ज एकाच फॉर्मवर पाठवला का? तुमच्या लिहिण्यावरून मला तसंच वाटलं. 2016 पासून इथे प्युमा नावाची आरोग्य विम्याची व्यवस्था आहे आणि तिच्यात प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा हक्क स्वतंत्र आहे. नवऱ्याच्या नावावर बायको अशी सोय नाही. सासूबाईंचा एस 1106 हा विम्याच्या अर्जाचा फॉर्म वेगळा, त्याला जन्मदाखला, परवाना, निवासाचे पुरावे आणि बँकेचा रिब (खात्याच्या तपशिलाचा कागद) वेगळा. रिबसाठी त्यांच्या नावाचं खातं लागतं, संयुक्त चालतं. तीन महिन्यांचं वास्तव्य दाखवायला त्यांच्या नावाची पत्रं, खात्याचे उतारे जपून ठेवा. घर मुलाच्या नावावर असलं की आईवडिलांच्या नावाचा कागदच घरात नसतो.

दुसरी गोष्ट जन्मदाखला. आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

इथला सामाजिक सुरक्षा क्रमांक माणसाच्या जन्मावरूनच बनतो. पुरुषाला 1, बाईला 2, मग जन्मवर्ष, महिना, परदेशात जन्म म्हणून 99 आणि भारतासाठी 223. पुढे अनुक्रमांक आणि तपासणीचे दोन अंक. एकूण 15. हा क्रमांक पक्का करण्यासाठी जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं लागतात, आणि दाखला पासपोर्टशी जुळावा लागतो. तोवर 7 किंवा 8 ने सुरू होणारा तात्पुरता क्रमांक मिळतो. त्यावर हक्कपत्र निघतं, डॉक्टरचे पैसे परत मिळतात, पण कार्त विताल निघत नाही. तेव्हा तात्पुरता क्रमांक आला तर निराश होऊ नका, छत्र तेव्हाच सुरू झालेलं असतं.

माझ्या आईचा जन्म 1953 चा, साताऱ्याकडच्या खेड्यात. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा 1969 चा. त्याआधीची तिची नोंद तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मध्ये सापडली, आणि तिथे नाव नव्हतंच. आजोबांचं नाव आणि 'मुलगी'. पुढे शाळेच्या दाखल्यात मालती, आणि लग्नात नाव बदलून सुनंदा. पासपोर्टवर सुनंदा, बाबांचं नाव, सासरचं आडनाव. फ्रान्समध्ये बाईची ओळख मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने नोंदवली जाते. सासरचं नाव 'वापरातलं नाव' म्हणून शेजारी बसतं. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यांत माहेरचं आडनाव नसतं. इथल्या कारकुनासमोर दोन वेगळ्या बायका उभ्या राहतात, आणि फाइल थांबते. त्याची चूक नाही. हे आपल्याकडे घरोघरी झालंय, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आम्ही काय केलं ते सांगते. मामाने गावाकडून नोंदीचा उतारा आणि जन्मदाखला इंग्रजी मजकुरासह काढला. (उशिरा नोंदणीचे नियम आता कडक झाले आहेत, वेळ धरून चाला.) त्याला विवाह नोंदणीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. आधी राज्य सरकारची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का. भाषांतर इथेच, न्यायालयाच्या यादीवरच्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून, इंग्रजीतून फ्रेंच. मराठीतून फ्रेंच करणारा शोधत बसू नका. आणि वर मी एक पानी पत्र लावलं, फ्रेंचमध्ये: आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत आहे, जन्मनाव हे, विवाहानंतरचं हे, पुरावे क्रमांक अमुक ते अमुक. माझ्या मते फाइल त्या पत्राने हलली. नोंदच सापडत नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि पॅरिसच्या भारतीय दूतावासाकडे पासपोर्टवरून जन्माच्या दाखल्याची चौकशी करा.

सगळं पोहोच पावतीच्या टपालाने पाठवा, मूळ कागद कधीही नको. महिन्यातून एकदा विमा कार्यालयाला 3646 वर फोन. इंग्रजीत बोलायचं असेल तर 09 74 75 36 46. जवळ फ्रान्स सर्व्हिसेसचं, म्हणजे सरकारी कामांत मदत करणारं, केंद्र असेल तर सासूबाईंना घेऊनच जा. समोर म्हातारं माणूस बसलेलं दिसलं की फाइलला चेहरा येतो. लेखी नकार आला तर दोन महिन्यांत तिथल्याच अपील समितीकडे अर्ज करता येतो.

दरम्यान डॉक्टरकडे जाणं टाळू नका. साध्या डॉक्टरची भेट डिसेंबर 2024 पासून 30 युरो आहे. प्रत्येक वेळी फॉय द सुआँ हा, पैसे परत मागण्यासाठी लागणारा डॉक्टरचा कागद मागून घ्या. हक्क ज्या तारखेपासून उघडतो त्यानंतरच्या उपचारांचे पैसे नंतर मागता येतात, आणि त्याला दोन वर्षांची मुदत असते. फॅमिली डॉक्टर म्हणून नोंद झाल्यावर त्या 30 मधले 19 परत येतात. सासऱ्यांना मधुमेह आहे म्हणालात. तो इथे दीर्घ आजारांच्या यादीत आहे, म्हणजे हक्क उघडल्यावर डॉक्टरने अर्ज केला की त्या आजाराचा खर्च शंभर टक्के ठरलेल्या दराने मिळतो. त्यांच्या गोळ्यांची नावं ब्रँडची नव्हे, औषधाची लिहून आणा. मोठा खर्च अंगावर आला तर सरकारी रुग्णालयातल्या पास नावाच्या कक्षात सामाजिक कार्यकर्त्याला भेटा, ज्यांचा विमा अजून झालेला नाही त्यांच्यासाठीच तो आहे.

सासऱ्यांना भाडं, ठेवींचं व्याज असं बरंच उत्पन्न असेल तर एक गोष्ट आधीच कळलेली बरी. मालमत्तेच्या उत्पन्नावर ठरावीक मर्यादेच्या वर 6.5 टक्के वर्गणी उर्साफ, म्हणजे सामाजिक सुरक्षेच्या वर्गण्या गोळा करणारं कार्यालय, मागू शकतं. आणि 2025 च्या अखेरीस फ्रेंच संसदेत युरोपबाहेरच्या व्हिजितरवाल्यांकडून विम्यासाठी वेगळी वर्गणी घेण्याचा विषयही आला होता. तेव्हा सासूबाईंचा नवा फॉर्म पाठवायच्या दिवशी आमेली या आरोग्य विम्याच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम वाचा.

आज रात्री स्टिकर आणि मुदतीची तारीख बघा, आणि सासूबाईंच्या दाखल्यावर नक्की कोणतं नाव आहे ते इथे लिहा. माझ्या त्या एक पानी पत्रातली नावं काढून मजकूर तुम्हाला देते.