पत्र्याच्या शेडात जाताना शेजारी कोण?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी रायगड जिल्ह्यातल्या एका डोंगरपायथ्याच्या वाडीत अंगणवाडी सेविका आहे. जुलैच्या पावसात वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेगा पडल्या, म्हणून आमची २३ कुटुंबं खालच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत आणून ठेवली. त्यात माझंही घर आलं. तेव्हापासून वर्गखोल्यांत आम्ही आणि व्हरांड्यात पोरांची शाळा, असं चाललंय. आता रस्त्यालगतच्या गायरानात पत्र्याचे २३ शेड उभे राहिलेत. रविवारी यादीच्या नंबराप्रमाणे चाव्या देणार आहेत. पण निम्मी माणसं हलायला तयार नाहीत. म्हातारे म्हणतात, एकदा शेडात गेलो की पक्क्या घराचं सगळे विसरणार. बायका म्हणतात, शेळ्या कुठं बांधायच्या आणि चूल कुठं मांडायची? साहेब मला म्हणाले, ‘बाई, तुम्ही समजवा त्यांना.’ मी काय समजावू?

उत्तर : साहेबांनी समजावण्याचं काम तुमच्या गळ्यात घातलं, पण तुमची माणसं काही वेडंवाकडं बोलत नाहीयेत. म्हाताऱ्यांच्या भीतीला आधार आहे. माळीणवर डोंगर आला ३० जुलै २०१४ रोजी, १५१ माणसं गेली. नव्या माळीणमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या २ एप्रिल २०१७ला. मध्ये दोन वर्षं आठ महिने. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली, तिथल्या वाचलेल्यांनाही आधी चौक गावाजवळच्या कंटेनरच्या घरांत राहावं लागलं, पक्की घरं नंतर. या दोन्ही ठिकाणी सगळ्या राज्याचं लक्ष होतं. तुमच्याकडे, देवाच्या दयेने, माणूस दगावलेलं नाही, म्हणजे पेपरवालेही फिरकणार नाहीत. तेव्हा ‘सहा महिन्यांची गोष्ट आहे’ असं कुणी म्हटलं तर मान डोलवा आणि हिशेब तीन वर्षांचा धरा.

तरीही जा, असंच मी म्हणेन. शाळेतली वस्ती बायकांना जितकी जाचते तितकी कुणालाच नाही. अंधार पडेपर्यंत लघवी रोखून धरायची, दोघींनी चादर धरायची तेव्हा तिसरीने कपडे बदलायचे. हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाहीत, पण मी अशा शाळा पाहिल्यात. आतून कडी लागणारं एक दार, एवढ्यासाठीसुद्धा शेड बरा.

पण शेडात शेजारी कोण, हे आधी बघा. मी हे शिकले ते किल्लारीच्या भूकंपात, आणि चुकून शिकले. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती बोळवून लोक झोपले होते. मी तेव्हा तेवीस वर्षांची, समाजकार्याचं शिक्षण नुकतं संपलेलं. एका संस्थेबरोबर सास्तूरकडच्या एका गावात गेले आणि पत्र्याच्या शेडांची वाटणी माझ्याकडे आली. मी शहाणीने काय केलं, तर सर्वेक्षणाच्या यादीचा नंबर आणि शेडचा नंबर एकासमोर एक लिहून काढला. कागद इतका देखणा दिसत होता म्हणून सांगू! त्यात एक पोटुशी पोर पहिल्या रांगेत आणि तिची आई शेवटच्या रांगेत गेली. एकट्या म्हाताऱ्याला रोज भाकरी देणारं घर त्याच्यापासून वीस शेड लांब पडलं. महिन्याभरात लोकांनी आपापसांत शेड बदलून घेतले, मला न विचारता. बरोबरच केलं. पण कागदावर जुनेच नंबर राहिले. मग घोंगड्या, भांडी, रॉकेल शेडच्या नंबरावर आलं आणि एकाची भांडी दुसऱ्याच्या दारात जाऊ लागली. ती भांडणं मिटवता मिटवता माझा हिवाळा गेला.

म्हणून रविवारच्या आधी एवढं एक काम करा. वाडीत जी घरं एकमेकांकडे विस्तव मागायला जात होती, पोरं सोडून शेतावर जात होती, त्यांचे चार-पाच घरांचे गट त्यांनाच पाडू द्या. चिठ्ठ्या टाकायच्याच तर गटांच्या टाका, घरांच्या नको. कुठला गट कुठल्या रांगेत एवढंच नशिबावर. गटाच्या आत कोण कुणाशेजारी, ते त्यांचं ते बघतील. साहेबांनाही हे चालतं, चिठ्ठी निघाली की त्यांच्यावर पक्षपाताचा आळ येत नाही. आणि अदलाबदल झालीच तर ती त्याच दिवशी यादीवर चढवून घ्या, सहीनिशी.

चाव्या घेण्याआधी गटातल्या दोघी-तिघींना घेऊन गायरानात चक्कर मारा. बरोबर कामावरचा वायरमन हवा. पत्र्याच्या घरात एक वायर सोलली गेली तरी अख्खं घर करंट मारतं, पावसाळ्यात तर ओल्या हाताने कडी काढायची चोरी. प्रत्येक शेडाला अर्थिंग आहे का आणि मीटरपाशी ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा खटका, बसवलाय का, ते त्याला विचारा. ईएलसीबी असेल तर त्याचं टेस्टचं बटन दाबायला लावा. खट् आवाज होऊन वीज गेली पाहिजे. नाही गेली तर त्या शेडाची चावी घेऊ नका, भले कुणी कितीही घाई करो. कपडे वाळत घालायला शेडच्या खांबाला तार बांधू नका, सुंभ किंवा नायलॉनची दोरी बांधा. बाकी जोतं वीतभर तरी उंच हवं आणि पागोळ्यांचं पाणी दारात न येता चरात जायला हवं, हे तुम्हाला मी कोकणाबाहेरच्या बाईने सांगायची गरज नाही.

जागेचं माप म्हणाल तर मदतसंस्था ‘स्फिअर’ या आपत्तीतल्या मदतीच्या आंतरराष्ट्रीय निकषांतलं किमान माप धरतात : माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे ३७-३८ चौरस फूट, तेही स्वयंपाक आणि मोरी सोडून. दहा बाय वीसच्या शेडात ही पाच माणसं झाली. ज्या रेशनकार्डावर आठ-नऊ नावं आहेत, लग्न झालेला मुलगा आहे, त्यांचा दुसऱ्या शेडाचा अर्ज आजच टाका. शेडात राहायला गेल्यावर तो अर्ज कुणी वाचत नाही. त्याच मापाप्रमाणे वीस माणसांमागे एक संडास, म्हणजे २३ कुटुंबांना सहा तरी लागतील.

चूल आणि शेळ्या. चूल शेडाच्या आत मांडू नका, धुराने पोरं खोकून बेजार होतील. दोन रांगांच्या मधे गटागटाची उघडी पडवी मागा, वर पत्रा आणि तीन बाजू मोकळ्या. शेळ्यांसाठी गायरानाच्या कडेला एकच लांब गोठा. ‘अंदाजपत्रकात गोठा बसत नाही’ असं ऐकायला मिळेल. मग सांगा, शेळ्या वाडीत राहिल्या तर माणूसही रात्री वाडीतच राहील, त्याच भेगांखाली. तुमचं सगळ्यात वजनदार म्हणणं हेच आहे, ते बायकांच्या तोंडून येऊ द्या.

उन्हाळ्याचं आताच बघा. पत्रा मार्चपासून तापतो. भात झोडून झालंय, पेंढा हाताशी आहे, म्हणून लोक तो छपरावर टाकतील. टाकू देऊ नका, एक ठिणगी पुरते. त्यापेक्षा पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या आणि आतून हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचा माळा करा. तुमच्याकडे कारवीचा कुड घालणारी माणसं आहेत. शेडाच्या आतून कुड घालून शेणमातीने लिंपला तर भिंत निम्मी तरी निवते. आणि आपलं घर आपण सारवलं की त्यात झोप लागते, हे वेगळंच.

आता म्हाताऱ्यांसाठी. रविवारी त्यांना भाषण नको, कागद हवा. ‘शेडमधील वास्तव्य तात्पुरते असून कायमस्वरूपी पुनर्वसनाचा हक्क अबाधित आहे’ असं एक वाक्य ताबा पावतीवर लिहून मागा, पावती नवरा-बायको दोघांच्या नावाने. ग्रामपंचायतीतून प्रत्येक घराचा नमुना ८चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढा. ज्यांच्या नावावर घरपट्टीच नाही त्यांच्या जुन्या घराचे, घरातली माणसं दारात उभी करून, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. कुणी मोडायच्या आत.

किल्लारीकडच्या एका आजीचं सांगते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, असल्या घराखाली तिचा मुलगा गेलेला. नंतर पक्की घरं झाली, जमिनीप्रमाणे अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची. तिचंही अडीचशेचं झालं. पण झोपायला बाई शेडातच. मी म्हटलं, आजी, आता भूकंपाला टिकणारं घर आहे. म्हणाली, ‘पत्रा पडला तर टकुरं फुटंल. माळवद पडलं तर माणूसच उरत न्हाई.’ मी पुन्हा काही बोलले नाही. तुमच्यातही कुणी शेवटपर्यंत शाळेतून हलणार नाही. त्याला आठवडाभर सोडा, त्याच्या गटातला शेड मात्र त्याच्यासाठी कुलूप लावून ठेवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीतून अशा एका वस्तीसाठी जुने कपडे गोळा केले आहेत. टेम्पोभर झालेत. पाठवावेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नकोत. भूकंपानंतर मी कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजताना पाहिलेत, त्यात एक शेरवानीही होती. टेम्पोच्या भाड्याचे पैसे वाचवा आणि झाकणाच्या बादल्या, चुन्याच्या गोण्या आणि प्रत्येक शेडाला तीन किल्ल्यांचं चांगलं कुलूप घ्या. चार महिने शाळेच्या खोलीत काढलेल्या बाईला कुलूप काय वाटतं, ते तिलाच विचारा. साड्या द्यायच्याच असल्या तर नव्या द्या, आणि नऊवारी की सहावारी हे आधी फोन करून विचारा.